कळमेश्वरची वाट मोकळी ठेवा
माननीय मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, तथा अध्यक्ष, राज्य वन्यजीव मंडळ, यांना खुले पत्र

माननीय महोदय,



आपल्याकडे दोन जबाबदाऱ्या आहेत आणि हे पत्र त्या दोन्हींसाठी आहे. राज्यातले रस्ते, औद्योगिक वसाहती आणि नवी शहरं आपल्या मंत्रिमंडळात मंजूर होतात. वन्यजीव संरक्षण कायद्यानं राज्य वन्यजीव मंडळाचं अध्यक्षपदही मुख्यमंत्र्यांकडेच दिलं आहे. मुंबईत या दोन बैठका वेगवेगळ्या दिवशी होत असतील, पण आमच्या कळमेश्वर तालुक्यात दोन्हींचे निर्णय एकाच जमिनीवर येऊन पडतात. म्हणून वनमंत्र्यांना किंवा महामार्ग प्राधिकरणाला स्वतंत्र निवेदन न देता थेट आपल्याला लिहितो आहे.

कळमेश्वर नागपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. बाहेरच्याला इथे एमआयडीसी दिसते, संत्र्याच्या बागा दिसतात, धापेवाड्याच्या विठोबाला जाणारी माणसं दिसतात. जंगल कुठे आहे, असं कुणी विचारलं तर एका जागी बोट दाखवता येत नाही, कारण ते तुकड्यातुकड्यांत आहे. सागाचा एक पट्टा, मध्ये कपाशी आणि तुरीची वावरं, मग पळसानं भरलेली टेकडी, पुढे नाल्याकाठची झाडी, मग कुणाची तरी बाग आणि पुन्हा साग. कोंढाळी आणि काटोलपर्यंत असंच चालतं. नकाशावर हे तुकडे हिरवे ठिपके वाटतात. पण त्यांच्या दक्षिणेला बोर व्याघ्र प्रकल्प आहे, वायव्येला मेळघाट, उत्तरेला सातपुडा आणि ईशान्येला पेंच. हे ठिपके एकमेकांना जोडले की ती वाघाची वाट होते.

बोरला 2014 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. क्षेत्रफळ सुमारे 138 चौरस किलोमीटर, देशातल्या सर्वात लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. एवढ्या जागेत मोजकेच मोठे वाघ राहू शकतात. नर पिल्लू दोन वर्षांचं झालं की त्याला आईचा मुलूख सोडावा लागतो आणि नवी जागा शोधत चालावं लागतं. बोरचा वाघ निघाला की त्याच्यासमोर आमचीच वावरं येतात. दहाएक वर्षांपूर्वी काटोल-कळमेश्वरच्या जंगलातला नवाब नावाचा वाघ वर्धा नदी ओलांडून अमरावतीजवळच्या पोहरा-मालखेडच्या जंगलात पोहोचला होता. पुढे 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेल्या, गळ्यात रेडिओ कॉलर असलेल्या वाघानं तर सुमारे तीन हजार किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात मुक्काम केला. तो दिवसा झुडपांत नाहीतर नाल्यात पडून राहायचा आणि रात्री चालायचा. त्याच्या कॉलरच्या नोंदींनी विदर्भातल्या शेताशेतांतून अजून वाट शिल्लक आहे हे दाखवून दिलं.

ती वाट किती नाजूक आहे हे मात्र आमच्या भागानं 2017 सालीच पाहिलं. त्या वर्षी ब्रह्मपुरीतून पकडलेली एक वाघीण जुलैअखेर बोरमध्ये सोडण्यात आली. तिथे ती थांबली नाही. अडीच महिने ती वर्धा, नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांतल्या शेतांतून फिरत राहिली. तिनं माणसांचे जीव घेतले होते, तिला गोळी घालण्याचे आदेश निघाले होते, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं होतं. ऑक्टोबरमध्ये कारंजा घाडगे तालुक्यात एका शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्यानं ती मेली. नंतर डिसेंबरअखेर बोरचा बाजीराव नावाचा वाघ नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेत ठार झाला. तीन महिन्यांच्या आत एकाच टापूत एक वाघीण तारेनं गेली आणि एक वाघ रस्त्यावर. या दोन मृत्यूंमागची कारणं अजून जागेवरच आहेत, म्हणून इतक्या वर्षांनी ते पुन्हा सांगतो आहे.

रस्त्याबद्दल आधी बोलतो, कारण त्याचा उपाय आपल्याच जिल्ह्यात उभा आहे. पेंचमधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 44 रुंद करायचा ठरला तेव्हा किती वाद झाला हे आपल्याला ठाऊक आहे. न्यायालयात लढा झाला आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत रस्त्याखाली नऊ ठिकाणी प्राण्यांसाठी मार्ग ठेवले गेले. त्यातला एक तर 750 मीटर लांबीचा आहे. हे सगळं वाया जाणार, जनावर काय पुलाखालून जाणार आहे का, असं तेव्हा बोललं जायचं. भारतीय वन्यजीव संस्थेनं 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले. अठरा प्रकारच्या वन्यप्राण्यांनी ते मार्ग वापरल्याचं दिसलं, त्यांत वाघही होता. वरून ट्रक जातात, खालून चितळ जातं, आणि ट्रकवाल्यालाही मध्यरात्री समोर रोही उभी राहण्याची धास्ती राहत नाही. बाजीराव मेला त्या रस्त्यावर अशी सोय नव्हती.

आता आमच्याकडे एकावर एक काय येतं आहे ते पाहा. नागपूर-काटोल रस्ता चौपदरी होतो आहे. नागपूर-इटारसी लोहमार्ग कळमेश्वर स्थानकातूनच जातो. त्याच्या तिसऱ्या मार्गाचं काम सुरू आहे आणि 31 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं चौथ्या मार्गालाही मंजुरी दिली. सप्टेंबर 2025 मध्ये आपल्या मंत्रिमंडळानं नागपूरभोवती 148 किलोमीटरचा नवा बाह्य वळणरस्ता मंजूर केला, आणि त्याच्या जोडीला हिंगणा तालुक्यात जवळपास 692 हेक्टरवर ‘नवीन नागपूर’. नागपूर वाढणार, हे आम्हालाही मान्य आहे. आमची मुलंही तिथेच शिकतात, तिथेच नोकरी करतात. आमचा संत्राही कळमन्याच्या बाजारात याच रस्त्यांनी जातो.

अडचण अशी की यातला प्रत्येक प्रकल्प आपापला अहवाल आपल्यापुरता करतो. रेल्वे तिच्या रुळाखाली मोऱ्या ठेवील, महामार्ग प्राधिकरण रस्त्याखाली एखादा पूल बांधील, वळणरस्त्याचा आराखडा तिसराच कुणी सल्लागार करील. पण रस्त्याखालचा मार्ग जिथे उघडतो तिथून पुढे रुळाचा बंद भराव असेल, तर वाघाच्या दृष्टीनं तो मार्ग बांधलेलाच नाही. उलट तो त्याला रुळावर नेऊन सोडतो. हे सगळे मार्ग एका रेषेत आणि त्याच नाल्याच्या काठानं जुळले पाहिजेत. हे जुळवून घ्यायला सांगू शकेल असं एकच कार्यालय आहे, आणि ते आपलं आहे. या सगळ्या यंत्रणांना एका नकाशासमोर बसवायला राज्याच्या तिजोरीतून फारसं काही जाणार नाही. रूळ आणि भराव पडून गेल्यावर हेच करायचं म्हटलं तर मात्र कोट्यवधी लागतील आणि तरीही ते नीट होणार नाही.

तो नकाशाही नव्यानं शोधायचा नाही. कळमेश्वर तालुका नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहे. 719 गावं, 3,567 चौरस किलोमीटर क्षेत्र आणि 2018 मध्ये मंजूर झालेला विकास आराखडा त्याच्याकडे आहे. त्या आराखड्यात कुठे निवासी, कुठे औद्योगिक, कुठे शेती हे रंगांनी दाखवलं आहे. वाघाची वाट त्याच कागदावर, गटनंबरांसह दाखवा. आज एखाद्या शेतकऱ्याची जमीन वाटेत आहे की नाही हे त्याला कुणी सांगत नाही, आणि प्लॉट पाडणाऱ्यालाही कुणी विचारत नाही. वन खात्याच्या अहवालात ही वाट ‘कॉरिडॉर’ म्हणून असते, तहसील कार्यालयाच्या नोंदीत ती नसते. अकृषक वापराचा निर्णय मात्र महसुली नोंद पाहूनच होतो.

इथेच झुडपी जंगलाचा प्रश्न येतो, आणि तो मला या सगळ्यात सर्वात तातडीचा वाटतो. पूर्व विदर्भाच्या महसुली दफ्तरांत पिढ्यान्‌पिढ्या झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनी आहेत. गायरान म्हणून, सरपणासाठी, मोहफुलं आणि तेंदूपानांसाठी गावं त्या वापरत आली. काहींवर शाळा आहेत, वस्त्या आहेत, दवाखाने आहेत. आपण नागपूरचे असल्यामुळे हा वाद किती जुना आहे हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: झुडपी जंगल हे वनच आहे. 12 डिसेंबर 1996 पूर्वी दिल्या गेलेल्या जमिनी नियमित करण्याचा मार्ग न्यायालयानं मोकळा ठेवला, म्हणजे गरिबांची घरं मोडायची नाहीत. उरलेले लहान तुकडेही संरक्षित वन म्हणून ठेवायचे आणि त्यांवर नवं अतिक्रमण होऊ नये याची जबाबदारी उपविभागीय अधिकाऱ्यावर टाकली.

हा निकाल विकासाच्या आड येतो असं नागपुरात अनेकांनी म्हटलं. कळमेश्वरच्या एखाद्या पांदण रस्त्यानं आपण चालत गेलात तर त्याचं महत्त्व वेगळं दिसेल. दोन मोठ्या जंगलांच्या मध्ये जे तीन-चार एकरांचे पळसाचे, बोरीचे, हिवराचे तुकडे उरले आहेत ते बहुतेक हेच. रात्रभर चाललेल्या वाघाला दिवस उगवल्यावर पडून राहायला जागा इथेच मिळते. हा तुकडा गेला तर तो उसात, कपाशीत किंवा कुणाच्या गोठ्यामागे थांबेल, आणि सकाळी तिथे माणूस जाईल. झुडपी जंगलाचा एकेक तुकडा वाचवणं म्हणजे वाघ आणि माणूस यांची गाठ पडण्याचा एकेक प्रसंग टाळणं आहे. निकालानंतर कळमेश्वर आणि काटोल तालुक्यांतल्या झुडपी जंगलाच्या तुकड्यांची गटनिहाय यादी गावच्या चावडीवर लागायला हवी. कुठला तुकडा वाचला, कुठला दिला गेला हे गावाला कळलं, तर त्याची राखण गावही करील.

आता गोंडखैरीबद्दल. कळमेश्वर तालुक्यातल्या या गावाच्या परिसरात भूमिगत कोळसा खाणीचा गट आहे. केंद्र सरकारच्या व्यावसायिक लिलावात तो अदानी समूहातल्या कंपनीला मिळाला आणि जुलै 2023 मध्ये त्याची जनसुनावणी झाली. परिसरातल्या गावांनी विरोध केला. खाण भूमिगत आहे, वरची झाडं आणि शेतं राहतील, मग भीती कशाची, असा प्रश्न विचारला जातो. भूमिगत खाण चालवायची तर आत झिरपणारं पाणी रात्रंदिवस उपसून बाहेर काढावं लागतं. ते पाणी आजूबाजूच्या खडकांतून येतं, म्हणजे ज्या थरावर विहिरी जगतात त्याच्यातूनच. विहिरी आटल्या की बागा जातात, नाल्याचं उन्हाळ्यातलं पाणी जातं, आणि जे जनावर नाल्यावर पाणी पीत होतं ते गावच्या टाक्यावर येतं. कोळसा काढून झाल्यावर वरची जमीन खचण्याचा धोका राहतो तो वेगळाच. आपण वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष आहात, म्हणून माझं आपल्याकडे मागणं आहे की या खाणीचा वाघाच्या वाटेवर आणि भूजलावर होणारा परिणाम मंडळानं स्वतः तपासावा, आणि तोवर राज्याकडून कुठलीही संमती जाऊ नये. कोळसा जाळून हवा तापते हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. पण ज्या तालुक्यात तो खणायचा, तिथलं झाडही त्याच्यापायी वाळणार असेल तर तो दुहेरी तोटा आहे.

पाण्याचं सांगतो, कारण आमचं सगळं त्याच्यावर आहे. कळमेश्वर, कोंढाळी आणि काटोलचा हा उंचवटा पाणी वाटणारा आहे. इथली चंद्रभागा आणि कोलार पूर्वेकडे कन्हानला आणि पुढे वैनगंगेला जातात, तर काटोलची जाम नदी वर्धेला मिळते. या उंचवट्यावरचं साग-धावड्याचं जंगल पावसाचा जोर पानांवर घेतं आणि पाचोळ्यातून पाणी हळूहळू जमिनीत उतरवतं. जिथे ते गेलं तिथे मुरुम उघडा पडतो, पाणी एका तासात नाल्याला लागतं आणि फेब्रुवारीत विहीर तळ दाखवते. शेजारच्या काटोल, नरखेड, वरुड आणि मोर्शीत भूजलाचा उपसा अतोनात झाला. बोअर आठशे-हजार फुटांपर्यंत गेले आणि तरी बागा वाळल्या.

त्यात ऊन वाढतं आहे. मे 2013 मध्ये नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला होता. संत्र्याच्या आंबिया बहाराची फळं मार्च ते मे या महिन्यांत लहान असतात. त्या वेळी ऊन एकदम चढलं आणि पाणी कमी पडलं की गळ सुरू होते. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडतो, तो उचलून फेकण्यापलीकडे हाती काही राहत नाही. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते मानांकन इथल्या मातीचं, थंडीचं आणि पाण्याचं आहे. डोंगर उघडा पडल्यावर तो कागद बाग वाचवणार नाही.

शेतकऱ्याची बाजू मी लपवणार नाही, कारण ती लपवून लिहिलेलं पत्र आमच्या गावात कुणी खरं मानणार नाही. जंगलाशेजारी बाग असणं सोपं नाही. रानडुकरांचा कळप एका रात्रीत तूर आणि चणा उकरून टाकतो. रोही कपाशीचे शेंडे खाते. पिकत्या संत्र्यातला रस शोषणारा पतंग असतो, त्याची अळी रानातल्या गुळवेलीवर वाढते. बांधावरचं रान काढून टाकावं असं शेतकऱ्याला वाटतं, त्यामागे हेही कारण आहे. थंडीत जागलीला जाणाऱ्या माणसाच्या हातात बॅटरी आणि फटाके असतात, आणि घरी त्याची बायको जागी असते. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा करायला वनरक्षक, तलाठी आणि कृषी सहायक असे तिघे एकत्र यावे लागतात. तिघांची वेळ जुळेपर्यंत पुढची नांगरटी येते. आपल्याच सरकारच्या काळात 2023 मध्ये वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईचा कायदा झाला. भरपाई मुदतीत द्यावी, उशीर झाला तर व्याजासह द्यावी, असं त्यात म्हटलं आहे. माणसाच्या मृत्यूसाठीची रक्कम 25 लाखांपर्यंत नेली गेली. कायदा चांगला आहे. पण तूर गेलेल्या माणसाला त्याचा अनुभव येत नाही तोवर तो रात्री कुंपणात वीज सोडायचा मोह आवरणार नाही.

आणि त्या तारेनं फक्त वाघीण मरत नाही. अंधारात शेतावर जाणारा शेजारी मरतो, स्वतःचा बैल मरतो. झटका मशीन, म्हणजे सौर बॅटरीवर चालणारं कुंपण, जनावराला फटका देतं पण जीव घेत नाही. ते घेण्याची ऐपत प्रत्येकाची नाही. गाव व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रात आहे की नाही हे न पाहता, वाघाच्या वाटेतल्या प्रत्येक गावाला सामूहिक सौर कुंपणासाठी अनुदान द्या. पंचनामा मोबाइलवरच्या फोटोवरून आणि एका कर्मचाऱ्याच्या सहीनं होऊ द्या. जो शेतकरी आपल्या धुऱ्यावरची आणि नाल्याकाठची झाडी राखतो त्याला दर एकरी वर्षाकाठी मोबदला द्या. त्यानं राखलेल्या झाडीचं पाणी खालच्या सगळ्या गावांना मिळतं, मग भार त्यानं एकट्यानं का उचलायचा?

नाल्यांबद्दल एक विशेष विनंती आहे. जलयुक्त शिवार ही योजना आपल्या पहिल्या कार्यकाळातली, आणि तिचा दुसरा टप्पा सुरू आहे. नाला खोल करताना पोकलेन काठावरची सगळी झाडी साफ करतो: करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन, सगळं. खोलीकरण हवं असेल तिथे करा, पण एका काठाला हात लावू नका. त्या काठाच्या मुळांनी माती धरलेली असते, म्हणून केलेला खड्डा दोन पावसाळ्यांत गाळानं भरत नाही. आणि वाघ, बिबट, सायाळ, खवल्या मांजर हे सगळे त्याच सावलीतून गावाला वळसा घालून जातात. यासाठी नवी योजना नको. जलसंधारण विभागाच्या कामाच्या आदेशात एक ओळ वाढवली तरी पुरे.

राज्य वन्यजीव मंडळानं डिसेंबर 2020 मध्ये दहा संवर्धन राखीव क्षेत्रांना मान्यता दिली. त्यांत नागपूर जिल्ह्यातलं मुनिया होतं आणि अमरावतीचं महेंद्री. म्हणजे मंडळाला अशा वाटांची जाण आहे. पण राखीव क्षेत्रं ही वाटेतली विसाव्याची ठिकाणं झाली. त्यांच्यामधला भाग शेतकऱ्यांच्या, रेल्वेच्या आणि महसूल खात्याच्या ताब्यात आहे, आणि वन खात्याचा माणूस तिथे अधिकारानं काही सांगू शकत नाही. म्हणून हा विषय वनमंत्र्यांच्या पातळीवर सुटत नाही.

मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर बोर ते सातपुडा ही वाट स्वतंत्र विषय म्हणून घ्यावी. बैठकीला महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, मध्य रेल्वेचा नागपूर विभाग, महामार्ग प्राधिकरण आणि नागपूरचे जिल्हाधिकारी यांना बोलवावं, आणि कळमेश्वर, काटोल व कोंढाळीच्या शेतकऱ्यांपैकी किमान तिघांना बोलू द्यावं. बाह्य वळणरस्त्याच्या भूसंपादनाच्या नोटिसा निघण्याआधी ही बैठक व्हावी. नोटीस निघाली की रेषा ठरलेली असते, आणि मग आम्ही फक्त मोबदल्याचा दर विचारू शकतो.

आपला,
कळमेश्वर तालुक्यातला एक संत्रा बागायतदार